गोधडी शिवताय? आधी ओलं फडकं फिरवा!

दुपारची कामं उरकली की ओसरीवर गोधडी घेऊन बसायची सवय आपल्यात अजून आहे. आई-आजीकडून आलेला टाका हातात असतो, त्यामुळे शिवण सहसा चुकत नाही. चुकतं ते सुई हातात घेण्याआधीच. एका ताईंनी महिनाभर खपून ऑर्डरची गोधडी शिवली. पहिल्याच धुण्यात लाल कापडाचा रंग पांढऱ्या अस्तरावर उतरला आणि गोधडी परत आली. टाके सुबक होते, पण मेहनत पाण्यात गेली. असं आपलं होऊ नये म्हणून या चार गोष्टी करा.

१. रंग तपासा. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक कापडावर जोरात चोळा. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं दोन-तीनदा धुवा आणि पुन्हा तपासा. तरीही रंग सुटला तर ते या गोधडीत घालूच नका.

२. सुतीसोबत सुतीच घ्या. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, नायलॉन तसं आटत नाही. दोन्ही एकत्र शिवली की चुण्या पडतात. म्हणून नवं कापड खळ जाईपर्यंत धुऊन, वाळवूनच कापा. जुनी साडी उजेडासमोर धरा. थोडी विरलेली असेल तर मधल्या थराला चालेल. बोट लावताच फाटत असेल तर बाजूला ठेवा.

३. आधी टाचून घ्या. सपाट जमिनीवर अस्तर पसरा, कोपऱ्यांवर वजन ठेवा. त्यावर मधले थर, सगळ्यात वर ठिगळांचा थर. मधून कडेकडे हात फिरवत सारखं करा आणि वीत-वीत अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. मग धावदोरा सुरू करा. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो आणि झिजतो.

४. तास लिहून ठेवा. घरच्या कॅलेंडरवर रोजचे तास टिपा. समजा रोज २ तास, असे २५ दिवस बसलात, तर ५० तास झाले. तासाला ३० रुपये धरले तरी मजुरी १५०० रुपये. दोरा आणि अस्तर ३०० रुपये धरा. झाले १८०० रुपये. "कापड तर घरचंच होतं," म्हणून तीच गोधडी ७०० रुपयांना दिली, तर खर्च वजा जाता तासाला ८ रुपयेच हाती पडतात!

घरच्या बाळासाठी शिवताना हिशोब नको, तिथे माया असते. पण विकायची असेल तर किंमत सांगण्याआधी कॅलेंडर बघा. पुढच्या बैठकीला आपली कापडं आणि एक पांढरं फडकं घेऊन या. सगळ्याजणी मिळून तपासू.