यंत्राच्या डोळ्यांतून नागपूर

चालकाविना धावणाऱ्या मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच ठणकावून सांगितले. चालकांच्या रोजीरोटीचा प्रश्न आहे, हे त्यांचे कारण. गंमत अशी, की अशा मोटारींचे डोळे त्याआधीच नागपुरात पोहोचले होते!

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आय-रस्ते’ प्रकल्पात आपल्या शहर बसगाड्यांवर कॅमेरे बसवले गेले. समोर माणूस किंवा वाहन फार जवळ आले की यंत्र इशारा देते. ब्रेक मात्र चालकच लावतो. हे इशारे वारंवार कुठे मिळतात, याची नोंद होते. अपघात होऊन गेले तो ‘ब्लॅक स्पॉट’. होता होता टळतात तो ‘ग्रे स्पॉट’.

पण यंत्राला दिसते म्हणजे काय? हजारो छायाचित्रे दाखवून ‘हा रस्ता, हा माणूस’ अशी बाराखडी त्याच्याकडून गिरवून घ्यावी लागते. मुख्यतः जर्मन शहरांत टिपलेल्या ‘सिटीस्केप्स’ या गाजलेल्या संग्रहात ऑटोरिक्षाचा वेगळा वर्गच नव्हता. २०१८ मध्ये हैदराबादच्या ‘ट्रिपल आयटी’ने आपल्याकडच्या रस्त्यांची १०,००० छायाचित्रे जमवली, तेव्हा ऑटोरिक्षा, जनावरे आणि डांबराकडेची कच्ची पट्टीही त्या बाराखडीत आली.

बाराखडी अपुरी राहिली तर? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेंपी येथे ‘उबर’च्या चाचणीतील मोटारीने, हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. यंत्राने तिला पाच सेकंदांहून अधिक आधी टिपले होते. पण ती वाहन की सायकल, हेच ते ठरवत बसले. झेब्रा पट्ट्यांबाहेरही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्याला शिकवलेलेच नव्हते.

आणि आपण तर बर्डीवर जागा मिळेल तिथून रस्ता ओलांडणारी माणसे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी मारबत रस्त्याने निघते, संध्याकाळी मुले तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढत येतात. यंत्र या बैलाला काय समजेल? मला हसू येते, आणि लगेच धास्तीही वाटते.

उद्या कुणी म्हणेल, यंत्राला कळेल असेच नागरिकांनी चालावे. मला हे उलटे वाटते. एकाच जागी पुन्हा पुन्हा इशारा मिळतो, तेव्हा तिथे फुटपाथ नसेल, थांबा चुकीच्या जागी असेल किंवा दिवा बंद असेल. दोष दर वेळी पायी चालणाऱ्याचाच कसा? म्हणून ‘ग्रे स्पॉट’ची यादी झोन कार्यालयाच्या फलकावर लागावी, आणि तिथे काय दुरुस्त झाले हेही शेजारीच लिहावे. यंत्राने पाहिले, आता माणसांनी पाहायला हवे.