घोड्याचं हृदय दुखावलंय, हे रक्तातून कसं कळतं?

समजा, तुमच्या रायडिंग क्लबमधल्या घोड्याने चुकून गुरांचं खाद्य खाल्लं. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन हे औषध असतं. गाईला ते चालतं. घोड्याच्या मात्र जिवावर बेततं, कारण मुख्य मार हृदयावर बसतो. आता तो घामाघूम, लटपटतोय. पायाचे स्नायू की हृदय? क्रिएटिन कायनेज दोन्हींतून रक्तात येतं. मायोसिनही फसवं: हृदयाच्या खालच्या कप्प्यांतलाच प्रकार पायाच्या संथ तंतूंत असतो. ट्रोपोनिन-आय मात्र हृदयाचं वेगळं, पायाचं वेगळं. म्हणून डॉक्टर हृदयातलं ट्रोपोनिन मोजतात. गंमत म्हणजे, ते माणसाच्या ट्रोपोनिनशी इतकं जुळतं की आपल्यासाठीच्या काही चाचण्या घोड्यालाही चालतात. वाचलेला घोडा वरून ठणठणीत दिसतो, पण हृदयावर व्रण राहू शकतात. त्यामुळे सोनोग्राफी झाल्याशिवाय त्याच्यावर बसू नका.