आवाज गाडीचा, हिशेब घरचा

सांगलीच्या बाजारपेठेत हळदीची आडत करणाऱ्या एका कुटुंबात गेल्या दिवाळीत नवी मोटारसायकल आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दोन वर्षे ‘पाहू, पाहू’ म्हणणाऱ्या अण्णांनी चिरंजीवांची मागणी अखेर मान्य केली. गाडी रॉयल एनफिल्डची, ३४९ सीसीची. वहीपूजन आटोपल्यावर तिलाही कुंकवाचे बोट लागले. मात्र आठवडा उलटण्यापूर्वीच चिरंजीवांची तक्रार सुरू झाली. गाडी उत्तम आहे, पण तिला आवाज नाही.

तरुण मुलाचा हा हट्ट वरवर पाहता मित्रमंडळींत मिरवण्याचा वाटेल, आणि थोडाफार तो तसा होताही. परंतु त्याच्या मुळाशी दुसरेच काही होते. या घरात पूर्वी एक जुनी बुलेट होती. अण्णा मार्केट यार्डातून परतताना तिचा ठेका नाक्यावरूनच ऐकू येई. दिवस मावळण्यापूर्वी जेवणे उरकण्याची घरची रीत असल्याने तो ठेका कानी पडताच आजी तवा चुलीवर चढवीत. पुढे एका वर्षी हळदीचे भाव कोसळले, उधारी अंगावर आली आणि बुलेट विकावी लागली. तेव्हा चिरंजीव चार वर्षांचे होते. टाकीवर बसून केलेल्या फेऱ्या एवढेच त्यांच्या आठवणीत उरले. नव्या गाडीतून त्यांना तोच आवाज काढून हवा होता. त्यासाठी दुकानातील पट्ट्या लिहून साठवलेले साडेचार हजार रुपये त्यांच्याजवळ होते.

तो आवाज कोठून येत असे, हे आधी समजून घेतले पाहिजे. एका सिलिंडरच्या चारस्ट्रोकी इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा जळका वायू बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला पाचशे, म्हणजे सेकंदाला आठांच्या थोडे वर, इतके हे फुत्कार असतात. फेरे मंद झाले की प्रत्येक फुत्कार कानाला सुटा ऐकू येतो, आणि त्यालाच आपण ठेका म्हणतो. जुन्या बुलेटचे इंजिन ३४६ सीसीचे होते. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. धाव लांब, फ्लायव्हील जड, म्हणून ते इंजिन संथपणे धडधडत राही. नव्या इंजिनात व्यास ७२ आणि धाव ८५.८ मिलिमीटर आहे. थरथर शमवण्यासाठी बॅलन्सर शाफ्ट आहे, इंधन संगणकाच्या हुकमाने मोजून दिले जाते, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांमुळे वायूच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला आहे. तेव्हा केवळ सायलेन्सर बदलून जुना ठेका परत येणार नाही. तो मुळात त्या नळीत नव्हताच, इंजिनात होता.

बाजार मात्र हे सांगत नाही. चिरंजीव एका ॲक्सेसरीच्या दुकानात गेले, तेव्हा तेथे शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, गोल्डस्टार, पंजाब, इंदोरी अशी नावे घेत दुकानदाराने एकामागून एक सायलेन्सर पुढे ठेवले. साडेतीन हजारांचा एक पसंत पडला. त्याच्या तोंडाशी ‘डीबी किलर’ नावाची एक छोटी नळी स्क्रूने बसवलेली होती. पोलीस दिसले की घालायची, एरवी काढून खिशात ठेवायची, असा सल्लाही विनामूल्य मिळाला. बिल मागितले तेव्हा कोरा कागद पुढे आला. व्यापाऱ्याच्या मुलाला एवढी खूण पुरेशी असायला हवी होती. तरीही चिरंजीव मोहात होते. त्यांनी केवळ अण्णांना विचारण्यापुरती उसंत मागून घेतली.

अण्णांनी नकार दिला नाही. त्यांनी वहीचे एक पान काढले आणि खर्चाच्या बाजूस काय काय पडेल, ते लिहिण्यास सुरुवात केली. सायलेन्सरची किंमत ही त्यातील सर्वांत लहान रकमांपैकी निघाली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनास आवाज कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. मालकाने असा बदल केल्यास कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज व धूर यांच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय तीन महिने परवाना अपात्र. तडजोडीची प्रत्यक्ष रक्कम राज्य शासन ठरवते आणि ती कमी असते हे खरे. पण सायलेन्सर जप्त होतो तो परत मिळत नाही. मोठ्या शहरांत असे जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत अनेकदा आली आहेत. खेरीज वॉरंटीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता निराळीच. दोन लाखांच्या आगेमागे किंमत असलेल्या गाडीची वॉरंटी साडेतीन हजारांच्या नळीसाठी पणाला लावणे हा कोणत्याही पेढीवर न पटणारा व्यवहार होता.

पैशात न मांडता येणारी एक बाब अण्णांनी पानाच्या तळाशी लिहिली: समोरचे प्रसूतिगृह. आवाजाची मोजणी डेसिबलमध्ये होते, आणि हे माप साध्या बेरजेचे नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट झालेली असते आणि कानाला तो साधारण दुप्पट भासतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालयाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी पाच डेसिबलने खाली येते. चिरंजीव ते पान बराच वेळ पाहत राहिले आणि दुकानदाराला ‘नको’ असे कळवून आले. मात्र गाडीच्या आवाजावरील त्यांची नाराजी गेली नव्हती.

ती दूर केली एका वृद्ध मेस्त्रींनी. अण्णांची बुलेट पूर्वी त्यांच्याच हाताखालून जात असे. त्यांनी गाडी थंड असताना सुरू करायला लावली, शेजारी उकिडवे बसले आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “बाळ, गाडीला आवाज हाय की! पण त्यावर दुसऱ्या चार आवाजांची भर पडलीया. ते आधी काढ.”

नव्या गाडीचे सांधे पहिल्या काही दिवसांच्या तापण्या-निवण्यात थोडे सैल होतात. मेस्त्रींनी सिलिंडरमधून नळी जेथे बाहेर येते, त्या सांध्यापासून वीतभर अंतरावर, न टेकता, हाताची पाठ धरली. तेथून बारीक फुंकर येत होती आणि तिच्यासोबत ‘टिक् टिक्’ असा कोरडा आवाज. सांधा फुंकू लागला की ठेक्याचा भरदारपणा जातो आणि उरतो तो चिरका सूर. मेस्त्रींना ते बोल्ट आवळणे कठीण नव्हते. पण त्यांनी पाना हातात घेतला नाही. गाडी वॉरंटीत आहे, पहिली सर्व्हिसिंग पाचशे किलोमीटरवर आहे, तेव्हा ही तक्रार शोरूमच्या जॉब कार्डवर लिहवून घ्यावी आणि गॅस्केट तेथेच तपासून घ्यावे, असे त्यांनी बजावले. लेखी नोंदीचे महत्त्व जाणणारा कारागीर विरळाच.

बाकीचे काम त्यांनी चिरंजीवांकडूनच करवून घेतले. साडी गार्ड एका ठिकाणी खडखडत होता, नंबर प्लेट पातळ पत्र्यासारखी फडफडत होती, सायलेन्सरवरील उष्णतारोधक पट्टीचा एक स्क्रू ढिला होता. रबरी वॉशर आणि स्क्रू मिळून चाळीस रुपये लागले. चेन धुळीने कोरडी पडली होती. ती साफ करून तिला वंगण दिले आणि तिचा ताण गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे की नाही, ते मोजले. चेनची करकर थांबताच इंजिनाचा आवाज आपोआप खाली, घोगरा भासू लागला. वस्तुतः तो बदलला नव्हता, उघडा पडला होता. चेनच्या दोन डब्यांसह सारा खर्च साडेसहाशेच्या घरात गेला.

हेल्मेटचाही यात वाटा आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. वेग साठ-सत्तरच्या पुढे गेला की चालवणाऱ्याला गाडीपेक्षा वाराच अधिक ऐकू येतो. चिरंजीवांचे हेल्मेट एक माप मोठे होते. उरलेल्या पैशांत घट्ट बसणारे, पूर्ण चेहरा झाकणारे, आयएसआय चिन्हाचे हेल्मेट आले, आणि वाऱ्याचा गोंगाट कमी झाल्यावर इंजिन कानांशी बोलू लागले.

तरीही कोणास सायलेन्सरच बदलायचा असेल, तर काही उत्पादक स्वतःच पर्यायी सायलेन्सर विकतात. तो घेताना आपल्याच मॉडेलसाठी त्यास मान्यता आहे, असे लेखी मागावे, पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी कायम राहील याची नोंद करून घ्यावी. या तीनपैकी एकाही गोष्टीस दुकानदार कां-कूं करू लागला, तर पाय काढता घ्यावा.

पाचशे किलोमीटर झाल्यावर शोरूममध्ये गॅस्केट बदलून मिळाले, तेही विनामूल्य. त्या दिवशी गाडी आणायला अण्णा स्वतः गेले होते. चिरंजीवांना मागे बसवून त्यांनी ती यार्डाच्या रस्त्याने, मधल्या गिअरमध्ये, चाळीसच्या वेगाने घरापर्यंत आणली. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. प्रसूतिगृहापाशी मात्र सवयीने ॲक्सिलरेटर सोडला.

दिवस कलला होता. जिना चढून दोघे वर आले, तेव्हा ताटे मांडलेली नव्हती आणि तवाही थंड होता. आजी दचकून म्हणाल्या, “आलात होय? गाडीचा आवाज कुठं आला?”