किलोवर नका, नंबरावर विका!

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरीकडच्या जुन्या गॅरेजांत आणि राइस मिलांच्या मागच्या खोल्यांत असे कोपरे अजून सापडतात: ग्रीस लागलेली खोकी, पोत्यात भरलेले गियर, खिळ्याला टांगलेली गॅस्केटं, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पिस्टन. गाडी केव्हाच गेली, मिस्त्री थकला, मुलं नागपूर-पुण्याला स्थायिक झाली. मग एक दिवस खोली रिकामी करायची ठरते आणि कबाडी तराजू घेऊन दारात येतो. तो येण्याआधी हे वाचून घ्या. ॲम्बेसेडर, लँडमास्टर, स्टँडर्ड हेरल्ड या आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या मुळात ब्रिटिश. त्यांच्या पार्टला आजही गिऱ्हाईक आहे, फक्त त्या पार्टचं नाव त्याला कळायला हवं.

मद्रासचा माल, लिंकनचं गिऱ्हाईक

भारतातून ब्रिटिश गाडीच्या पार्टचा अख्खा साठा विकला गेल्याचं हे मोठं उदाहरण. रोव्हर एसडी-1 ही गाडी 1976 मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि युरोपात 1977 ची ‘कार ऑफ द इयर’ ठरली. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीनं 1985 मध्ये तीच गाडी ‘स्टँडर्ड 2000’ या नावानं इथे काढली. अंग रोव्हरचं, इंजिन मात्र स्टँडर्डच्या जुन्या ठेवणीतलं. गाडी महाग होती, खप झाला नाही आणि 1988 मध्ये उत्पादन थांबलं. नवेकोरे पार्ट मात्र गोदामात तसेच राहिले. 2006 मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनच्या ‘रिमर ब्रदर्स’ या पार्ट विकणाऱ्या फर्मनं एसडी-1 चा तो न वापरलेला साठा सगळाच्या सगळा उचलला. ब्रिटनमध्ये ही गाडी बनणं 1986 मध्येच बंद झालं होतं. म्हणजे 20 वर्षांनी ब्रिटिश गाड्यांना नवे पार्ट मिळाले ते मद्रासहून!

ॲम्बेसेडर आणि एमजी चुलतबहिणी

ॲम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज-3. हिंदुस्तान मोटर्सनं पश्चिम बंगालच्या उत्तरपाडा कारखान्यात ती 1957 पासून मे 2014 पर्यंत बनवली. या गाडीत पुढे बीएमसी कंपनीचं 1489 सीसीचं ‘बी-सिरीज’ इंजिन आलं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन एमजीए या देखण्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडीत होतं. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास सुमारे 73 मिलिमीटर. एक गाडी आमदारांना घेऊन फिरली, दुसरी शर्यतीत धावली, पण पोटातले कित्येक पार्ट जवळचे. म्हणून ॲम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचा बंद खोक्यातला पार्ट दिसला, तर खोक्यावरचा नंबर आधी टिपून ठेवा. आणि या गाडीच्या नुसत्या नावाची किंमत पाहा: 2017 मध्ये ‘ॲम्बेसेडर’ हा ब्रँड फ्रान्सच्या प्यूजोनं 80 कोटी रुपयांना घेतला.

बोल्ट काढा, गाडी सुटी करा

ट्रायम्फ हेरल्ड ब्रिटनमध्ये 1959 ला आली, मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून 1961 पासून बनू लागली. आकार दिला होता इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. तिचा सांगाडा वेगळा आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली. कारण व्यवहाराचं होतं: अख्खी बॉडी बनवून देणारा पुरवठादार प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला, तेव्हा लहान लहान भाग जोडूनच गाडी उभी करणं भाग पडलं. विकणाऱ्यासाठी ही सोयच झाली. हेरल्डचं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट एकाच तुकड्यात पुढे उलटतं. ते एकटं सुद्धा विकता येतं. आणखी एक गंमत: ही गाडी अवघ्या 25 फुटांत वळायची. गोंदियाच्या गोरेलाल चौकाच्या गर्दीतही तिला अडचण आली नसती.

अर्ध्या इंचाचा पाना 23 मिलिमीटरचा कसा?

जुन्या ब्रिटिश पान्यावर ‘1/2 डब्ल्यू’ लिहिलेलं असतं आणि त्याचं तोंड मोजलं तर भरतं 23 मिलिमीटरच्या थोडं वर. चूक नाही त्यात. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये नट-बोल्टच्या आट्यांचं प्रमाण ठरवलं. त्या पद्धतीत पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याचा असतो, डोक्याचा नव्हे. व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंशांचा. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं 1948 मध्ये एकत्र येऊन नवी पद्धत ठरवली, तिचा कोन 60 अंशांचा. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात 12 आटे, नव्या जाड्या आट्याच्या बोल्टला 13. डोळ्यांना फरक कळत नाही, नट मात्र दोन-तीन फेऱ्यांत अडकतो आणि जोर लावला की आटे मरतात. म्हणून जुने पाने, टॅप आणि डाय भंगारात टाकू नका. जुनी गाडी उभी करणाऱ्याला त्यांची गरज पार्टइतकीच असते.

इंग्रज बोल्टला फ्रेंच आटे

मॉरिसची सुरुवातीची इंजिनं कॉव्हेंट्रीतल्या हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनत. यंत्रं फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण ब्रिटिश मिस्त्रीच्या हातातले पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थ मापाचं! मॉरिसनं 1923 मध्ये तो कारखाना विकत घेतला, तरी ही रीत 1950 च्या दशकातल्या काही एमजी इंजिनांपर्यंत चालली. असे बोल्ट बाजारात सहज मिळत नाहीत. ते डबाभर असतील तर तो डबा वेगळा ठेवा.

कार्बोरेटरमागे जोड्यांचं दुकान

मॉरिस, एमजी, जॅग्वार या गाड्यांवर दिसणारा एसयू कार्बोरेटर जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांचा. पेटंट 1905 चं. स्किनर घराणं जोडे विकणारं, ‘लिली अँड स्किनर’ या नावाजलेल्या दुकानांचं. पहिल्या एसयू कार्बोरेटरमध्ये हवेचा भाता होता तोही चामड्याचा. कार्बोरेटरच्या आतली बारीक सुई आणि जेट ही खरी मौल्यवान चीज. कबाड्याला त्यात फक्त पितळ दिसतं. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची कीर्ती सगळ्या झाडीपट्टीत आहे, पण हे पितळ वितळवण्यासाठी नाही.

तारीख पार्टवरच कोरलेली

बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. ‘6 62’ म्हणजे जून 1962. ज्याला आपली गाडी कारखान्यातून निघाली तशीच करायची आहे, तो ही तारीख बघून पार्ट घेतो. त्यामुळे घासून, रंगवून ‘नवा’ करायच्या नादात तो आकडा पुसू नका. लुकास-टीव्हीएस ही कंपनी 1961 मध्ये निघाली आणि तिचा माल चेन्नईत बनू लागला. तोही वेगळा लावा. आणि ध्यानात ठेवा, 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे. गिऱ्हाइकाला हे सांगितलं नाही आणि त्यानं वायरी आजच्या पद्धतीनं जोडल्या, तर पार्ट जळू शकतो.

स्पीडोमीटरवरचा बारीक आकडा

स्मिथ्‌स कंपनीच्या स्पीडोमीटरच्या तबकडीवर खाली 1280 सारखा एक बारीक आकडा असतो. गाडी एक मैल जाते तेव्हा केबल किती फेरे घेते, ते तो सांगतो. गियर आणि चाकाचं माप बदललं की आकडा बदलतो. दिसायला सारखे दोन मीटर म्हणूनच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काटा खोटा वेग दाखवतो. फोटो काढाल तेव्हा हा आकडा स्पष्ट आला पाहिजे.

ऑस्टिनचं नातं शेजारच्या भंडाऱ्याशी

रघुनंदन सरन यांनी 1948 मध्ये मुलाच्या नावानं ‘अशोक मोटर्स’ काढली आणि मद्रासमध्ये ऑस्टिन ए-40 या ब्रिटिश गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे ब्रिटनची लेलँड कंपनी आली आणि 1955 मध्ये नाव झालं ‘अशोक लेलँड’. त्याच अशोक लेलँडचा कारखाना आज भंडारा जिल्ह्यात गडेगावला आहे. 1 मे 1999 पर्यंत गोंदियाही भंडाऱ्याचाच भाग होता. लोखंड, गियर आणि मिस्त्रीकाम या भागाला नवं नाही.

साचे जपले म्हणून गाडी जगली

ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था 1975 ची. एमजीबी गाडी 1980 मध्ये बंद झाली होती, तरी या संस्थेनं जुने साचे शोधून 1988 पासून तिची नवी बॉडी बनवायला घेतली. इंग्लंडमध्येच ब्यूली इथे 1967 पासून सप्टेंबरमध्ये जुन्या पार्टचा मोठा बाजार भरतो. आपल्याकडे मुंबईचं ऑपेरा हाउस आणि चोरबाजार, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट ही नावं जुन्या गाडीवाल्यांच्या तोंडी असतात.

‘व्हीए’ पाटीनं वाढवली किंमत

2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नोंदणीला 20,000 रुपये, ती 10 वर्षं चालते आणि नूतनीकरणाला 5,000 रुपये लागतात. अट ही की सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. गाडी मूळ ठेवायची तर पार्टही मूळच हवेत. तुमच्या पोत्यातल्या मालाला भाव येतो तो इथून.

हे मात्र विकू नका

ब्रेकच्या जुन्या रबरी नळ्या आणि सील दिसायला नवे असले तरी रबर वयानं मरतं. त्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. जुन्या ब्रेक लायनर आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते घासू नका, हवेच्या झोतानं साफ करू नका. ब्रिटनमध्ये 1999 पासून त्यावर बंदी आहे, तिकडे असा माल पाठवू नये. 1 जानेवारी 1950 पूर्वीच्या गाड्या आणि त्यांचे पार्ट देशाबाहेर पाठवण्यावर आपल्याकडेही निर्बंध आहेत. विदेश व्यापार महासंचालनालयाचे चालू नियम आधी बघा. नंबर ठोकलेला सांगाडा किंवा इंजिन ब्लॉक कागदाशिवाय देऊ-घेऊ नका.

आता कामाला लागा

आधी गाडीप्रमाणे ढीग लावा: ॲम्बेसेडर एकीकडे, हेरल्ड दुसरीकडे, फियाट तिसरीकडे. फियाट इटलीची, तिचे आटे मेट्रिक. ती यात मिसळली की सगळा हिशेब बिघडतो. पार्टवरचा नंबर, खोक्यावरचा नंबर आणि ‘मेड इन इंग्लंड’ की भारतीय, हे वहीत उतरवा. मूळ खोकं, पुस्तिका आणि पार्ट कॅटलॉग फेकू नका. पावसाळ्याआधी लोखंडाला तेलाचा हात द्या. जपलं तरच टिकतं: गोंदिया-जबलपूर नॅरोगेज रेल्वे ब्रॉडगेज झाली, पण नागपूरच्या मोतीबागेत 2002 मध्ये नॅरोगेजचं संग्रहालय उभं राहिलं, कारण कोणीतरी वेळेवर ‘हे ठेवा’ म्हणालं.

सगळ्यात मोठं काम मात्र माणसाचं आहे. त्या गॅरेजमधला जुना मिस्त्री हयात असेल तर त्याला घरी बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या आणि प्रत्येक पार्ट त्याच्या हातात ठेवा. हात लावताच तो सांगेल कुठल्या गाडीचा, कुठल्या बाजूचा, कशाबरोबर बसतो. ते सगळं लिहून घ्या आणि विक्री झाली की त्याचा वाटा त्याला द्या. कबाड्याला बोलवायचंच असेल तर त्यानंतर बोलवा.