जागा कशासाठी जिंकायच्या?

निवडणूक जवळ आली की कुठल्याही पक्षातले शहाणे एकच सल्ला देतात: आत्ता नको, आधी जागा वाचवा. अमेरिकेतल्या आरोग्य विमा कायद्याच्या लढाईतही हेच झाले.

१९ जानेवारी २०१० रोजी मॅसॅच्युसेट्समधील पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्ष हरला. जागा कुणाची? उपचार हा गरिबाचाही हक्क आहे म्हणून आयुष्यभर झगडलेल्या एडवर्ड केनेडी यांची. ते ऑगस्ट २००९ मध्ये वारले होते. या पराभवाने सिनेटमधील साठावे मत गेले. आणि साठ मतांशिवाय तिथे विरोधकांची अडवणूक मोडता येत नाही. लगेच पक्षात कुजबुज सुरू झाली. विधेयक छाटा, थोडक्यात आटपा, नोव्हेंबरमध्ये लोकांपुढे जायचे आहे.

सभापती नॅन्सी पेलोसी यांनी ते मानले नाही. सिनेटने २४ डिसेंबर २००९ रोजी ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलेले विधेयक होतेच. तेच प्रतिनिधिगृहात शब्दही न बदलता मंजूर करायचे आणि दुरुस्त्या अर्थसंकल्पी विधेयकाच्या वाटेने आणायच्या, कारण तिथे साधे बहुमत पुरते. वकील म्हणून मला ही युक्ती आवडते. पण युक्तीला मते लागतात.

२१ मार्च २०१० रोजी ती मिळाली. बाजूने २१९, विरोधात २१२. एकही रिपब्लिकन बाजूने नाही आणि डेमोक्रॅटिक पक्षाचेच ३४ सदस्य विरोधात. कोलोरॅडोच्या बेट्सी मार्की आणि ओहायोचे जॉन बोचेरी यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये विरोधात मत दिले होते. मार्चमध्ये दोघेही बाजूने उभे राहिले. व्हर्जिनियाचे टॉम पेरिएलो दोन्ही वेळा बाजूने. तिघेही त्याच वर्षी पडले. पक्षाच्या ६३ जागा गेल्या. मात्र विरोधात मत देऊन जागा वाचेल असे ज्यांना वाटले, त्यांच्यातलेही अनेक जण पडलेच!

म्हणून सगळे शौर्यच होते असे नाही. सरकारी विम्याचा पर्याय सिनेटमध्येच सोडून दिला गेला होता, कारण जो लिबरमन यांचे मत हवे होते. एका मतासाठी एवढी किंमत देणे मला पटत नाही. मतदानाच्या दिवशी दाखवलेली हिंमत वाटाघाटीच्या टेबलावर का दिसली नाही?

त्यात न्यायालयाची भर. जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वाचवला, पण मेडिकेड, म्हणजे गरिबांची सरकारी आरोग्य योजना, वाढवायची की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडले. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलिना या राज्यांनी नकार दिला. तिथे काळ्यांची वस्ती मोठी आहे. १९६५ मध्ये मेडिकेअर आले तेव्हा सरकारी पैसा हवा तर काळ्या-गोऱ्यांचे वेगळे वॉर्ड बंद करा, असे केंद्राने दक्षिणेतील रुग्णालयांना बजावले होते. या वेळी तो दंडुका न्यायालयानेच काढून घेतला. २०२४ पर्यंत दहा राज्ये अडून होती.

तरी कायदा टिकला. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षपद आणि दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांच्या हाती होती. पण आजारी माणसाला विमा नाकारता येणार नाही, ही तरतूद एव्हाना घराघरात पोहोचली होती. २८ जुलैच्या पहाटे मेंदूच्या कर्करोगाने आजारी असलेले रिपब्लिकन जॉन मॅकेन सिनेटमध्ये आले आणि त्यांनी अंगठा खाली केला. सुझन कॉलिन्स आणि लिसा मरकाउस्की या त्यांच्याच पक्षाच्या दोघी आधीपासून विरोधात होत्या. रद्द करण्याचा प्रस्ताव ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला.