नुसते थांबायला जागा

आजच्या तरुणांना मोकळ्या जागांशी काही देणेघेणे उरलेले नाही, हे विधान इतक्यांदा केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. मैदाने ओस पडली, मुले मोबाइलमध्ये बुडाली, गप्पा मॉलमधल्या फूड कोर्टात गेल्या, असा तो सूर. त्यात तथ्य नाही असे नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुंबई-पुण्यात मोकळ्या जागांवरून जे तंटे झाले त्यांत विशी-तिशीतली माणसे सतत दिसतात, आणि त्यांची मागणी त्यांच्या आईवडिलांच्या मागणीपेक्षा वेगळी आहे. आधीच्या पिढीची लढाई नकाशावर होती. विकास आराखड्यातले आरक्षण टिकवायचे, मैदानाचा भूखंड बिल्डरच्या घशात जाऊ द्यायचा नाही. ती लढाई संपलेली नाही. केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा आहे आणि मुंबईत ती माणशी दीड चौरस मीटरही भरत नाही. मात्र चौरस मीटर मोजताना एक गोष्ट मोजायची राहून जाते. वाचवलेल्या त्या भूखंडावर कोणी बसायचे, किती वाजेपर्यंत, किती वेळ, आणि हटकले तर काय कारण सांगून? तरुण शहराशी भांडत आहेत ते यावर. सार्वजनिक जागांचे पुढचे रूप याच भांडणातून ठरेल, असे मला वाटते.

भांडणाचे मूळ घरात आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले ४० टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहत होते. चाळी आणि पुनर्वसनाच्या इमारतींतली एका खोलीची घरे वेगळीच. अशा घरात एकविसाव्या वर्षी वाचायचे, मित्राशी चार शब्द बोलायचे किंवा नुसते गप्प बसायचे तर बाहेर पडावे लागते. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला ‘अभ्यास गल्ली’ हे नाव त्यातूनच पडले. बीडीडी चाळींतली मुले पिढ्यान्‌पिढ्या या शांत रस्त्यावर दिव्याखाली पुस्तक घेऊन बसत आली. कोणत्याही आराखड्यात ती अभ्यासिका म्हणून दाखवलेली नव्हती. वापर आधी रुजला. बाके, दिवे आणि सुशोभीकरण घेऊन महापालिका बऱ्याच वर्षांनी आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण आपल्याकडे गृहीत धरले जाते ते नेमके उलटे: आधी वास्तुविशारद, मग उद्घाटन, मग लोक.

पुण्याच्या सदाशिव आणि नवी पेठेत हाच क्रम मोठ्या प्रमाणावर दिसतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली हजारो मुले-मुली तिथे कॉट बेसिसवर राहतात, महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेतली खुर्ची घेतात, मेसमध्ये जेवतात. त्यांच्याकडे दिवाणखाना नाही. म्हणून चहाची टपरी, दुकानाची पायरी, शास्त्री रस्त्याचा पदपथ हाच त्यांचा दिवाणखाना. राज्यसेवेच्या वर्णनात्मक परीक्षापद्धतीवरून २०२३ च्या सुरुवातीला ती रस्त्यावर उतरली आणि राज्य लोकसेवा आयोगाने नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचे मान्य केले. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोगाची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी, २५ तारखेला आली, तेव्हा मुले शास्त्री रस्त्यावर रात्रंदिवस ठाण मांडून बसली. २२ तारखेला परीक्षा पुढे ढकलली गेली. या आंदोलनांची चर्चा परीक्षेच्या अंगाने पुष्कळ झाली. शहराच्या अंगाने कोणी पाहिले नाही. यांतल्या बहुतेकांचे मतदान गावाकडे. पुण्याच्या लेखी ती गर्दी, वाहतुकीला अडथळा आणि घरमालकाचे उत्पन्न एवढीच. तरीही रोज तिथेच उभी राहून त्यांनी त्या रस्त्याला एक सभास्थान बनवले होते. हाक दिल्यावर जमायचे कुठे, हे वेगळे सांगावे लागले नाही.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. आपल्याकडचा पार, चावडी, नाका, शिवाजी पार्कचा कट्टा यांच्या आठवणी फार रम्य लिहिल्या गेल्या आहेत, पण त्या बहुतांशी पुरुषांच्या आहेत. बाई रस्त्यावर असते ती कुठून तरी कुठे तरी जाताना, हातात पिशवी किंवा मूल घेऊन. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईच्या रस्त्यांवर केलेल्या अभ्यासातून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक आले. त्याचा गाभा असा की बाईला शहरात सुरक्षितता देण्याच्या नावाखाली सतत कारण विचारले जाते. तिला खरा हक्क हवा तो विनाकारण रेंगाळण्याचा, त्यातला धोका स्वतः पत्करण्याचासुद्धा. पुस्तकातला हा विचार २०१४ पासून मुंबईतल्या तरुणींनी प्रत्यक्ष आचरणात आणला. रात्री फिरायचे, बागेत आडवे व्हायचे, टपरीवर चहा पीत उभे राहायचे, एवढाच कार्यक्रम. घोषणा नाहीत, निवेदन नाही. मुंब्र्यात ‘परचम’ या गटातल्या मुलींनी फुटबॉल खेळायला सुरुवात केली आणि मैदानात आपली वेळ, आपली जागा हवी म्हणून सह्या गोळा केल्या. नुसत्या इच्छेने हे होत नाही, हेही याच वर्षांत स्पष्ट झाले. तास-दोन तासांपलीकडे बाहेर राहायचे तर स्वच्छतागृह लागते. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने महापालिकेविरुद्ध दाखल केलेल्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि रस्त्यावर वावरणाऱ्या स्त्रीसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह असणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरला. मला तर हा निकाल मोकळ्या जागांच्या इतिहासात कुठल्याही उद्यानाच्या आराखड्याहून मोठा वाटतो. मुलगी बागेत किती वेळ बसू शकते, हे झाडांच्या संख्येवर ठरत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे सगळे इंग्रजी बोलणाऱ्या, सुस्थित मुलांचे रविवारचे खेळ आहेत, असे म्हटले जाते. बेंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये २०२३ च्या आसपास तरुण मंडळी चटया पसरून शांतपणे वाचत बसू लागली. पाहता पाहता ती टूम मुंबई, पुणे, दिल्लीत पोचली. त्याआधी २०१४ मध्ये वांद्रे ते सांताक्रूझच्या पट्ट्यात ‘इक्वल स्ट्रीट्स’ने रविवारी सकाळी रस्ते गाड्यांना बंद केले होते, २०२२ च्या मार्चमध्ये खुद्द मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसह काही रस्त्यांवर ‘संडे स्ट्रीट्स’ भरवले. या उपक्रमांचे फोटो फार देखणे येतात, आणि तिथेच शंका सुरू होते. रविवारी सकाळी मोकळा असणारा माणूस कोण? दुकानात काम करणाऱ्याला, डिलिव्हरीच्या गाडीवर फिरणाऱ्याला ती सकाळ नसते. शिवाय जो पदपथ रुंद करून नटवला जातो तिथून पहिल्यांदा हलवला जातो तो फेरीवाला, जरी २०१४ चा कायदा त्याच्या बाजूने असला तरी. पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले ते खरोखर चांगले झाले. पण चांगल्या पदपथावर वडापाववाला चालेल की नाही, हा निर्णय अजून तरुणांच्या यादीत वर आलेला नाही. म्हणून आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. उरलेला अर्धा नाकारायचा तो एवढ्यासाठी की चटईवर पुस्तक घेऊन बसायला तिकीट लागत नाही, आणि जागेचा असा वापर एकदा अंगवळणी पडला की तो फक्त सुरू करणाऱ्यांच्या ताब्यात राहत नाही. अभ्यास गल्ली सुस्थितांनी सुरू केली नव्हती. अडचण वर्गापेक्षा वेळेची आहे: महिन्यातून एकदा भरणारा कार्यक्रम आणि रोजचा वापर यांत फरक आहे, आणि महापालिकांना पहिला फार सोयीचा पडतो.

वेळेचा हा मुद्दा रात्री सर्वात उघडा पडतो. जानेवारी २०२० मध्ये राज्य सरकारने मुंबईतल्या अनिवासी भागांतले मॉल आणि खाणावळी चोवीस तास उघड्या ठेवायला परवानगी दिली. शहराची रात्र तरुणांची आहे, हे त्यात एका अर्थी मान्य झाले. अट एवढीच की खिशात पैसे हवेत. त्याच शहरात कितीतरी बागांना रात्री कुलूप लागते आणि काही दुपारीही बंद असतात. कामावरून रात्री उशिरा सुटणाऱ्या मुलीला दोनशे रुपयांची कॉफी मिळते, फुकटचे बाक मिळत नाही. मॉलमध्ये तरुण का जातात याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या वेळापत्रकात शोधावे: तिथे पंखा आहे, स्वच्छतागृह आहे, उजेड आहे, आणि पहारेकरी मुलीकडे ज्या नजरेने बघतो ती रस्त्यावरच्या नजरेपेक्षा सुसह्य असते. उलट रस्त्यावर कोणी बसूच नये याची तजवीज केली जाते. फोर्टमधल्या एका बँकेने शाखेबाहेर खिळे ठोकले होते. २०१८ मध्ये ओरड झाल्यावर ते काढले गेले. मात्र बसता येऊ नये म्हणून तिरके केलेले कट्टे आणि मधोमध दांडे घातलेली बाके यांवर ओरड होत नाही.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. मुले रात्री हसतात, दुचाक्या लावतात, जोडपी बसतात. वृद्धांनी झोपायचे कधी? बोरिवलीतल्या एका सोसायटीने २०२१ मध्ये बाहेरच्या रस्त्यावर ‘नो किसिंग झोन’ अशी अक्षरेच रंगवली होती. टाळेबंदीच्या काळात बागा, समुद्रकिनारे, चित्रपटगृहे सगळेच बंद असताना ती जोडपी तिथे येत होती, हा तपशील मात्र चेष्टेत हरवला. मुंबई पोलीस कायद्याचे, आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे, कलम ११० सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठी आहे. ते जोडप्यांवर सहज लावले जाते. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागात हॉटेलांच्या बंद खोल्यांतून जोडप्यांना बाहेर काढले गेले, तेव्हाही हेच कलम वापरले होते. आवाजाची तक्रार खरी आहे आणि तिला आवाजाचे नियम लावावेत. शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरले ते अशाच तक्रारीतून. पण आवाजाच्या तक्रारीआड उपस्थितीचीच तक्रार दडलेली असते तेव्हा ती वेगळी काढता आली पाहिजे. हातात हात घेऊन बसलेल्या दोघांचा आवाज होत नाही.

तिसरे म्हणणे असे की आधी जमीन तर वाचू द्या, वेळापत्रकाचे मग बघू. याला मी पूर्ण विरोध करणार नाही, कारण तरुणांनीही तो केलेला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत रातोरात २,१४१ झाडे तोडली गेली. अंधारात तिथे धावलेल्यांत आणि अटक झालेल्या २९ जणांत विद्यार्थी होते; कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने दोनच दिवसांत तोड थांबवली, अर्थात बहुतेक झाडे तोवर गेली होती. पुण्यात २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडीवरून जाऊ घातलेल्या रस्त्याविरुद्ध लोक चालले. टेकडीसाठी एवढी माणसे उभी राहिली, कारण पुणेकर तिथे पहाटे-संध्याकाळी जातात. वापरात असलेली जागा वाचवायला माणसे येतात. कुलूपबंद भूखंडाच्या बचावाला फक्त याचिकाकर्ता येतो. म्हणून वेळापत्रकाची लढाई ही जमिनीच्या लढाईनंतर लढायची चैन नाही, ती तिची कुमक आहे.

प्रश्न उरतो तो हे सगळे नोंदवायचे कुठे. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे मुंबई आणि पुणे महापालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते. त्या काळात अठरा वर्षांची झालेली मुले-मुली पालिकेचा कारभार म्हणजे प्रशासकाचा आदेश असेच समजत वाढली. बागेची वेळ, बाकाची जागा, स्वच्छतागृहाचे कुलूप या गोष्टींसाठी मंत्रालयात जावे लागत नाही. त्या वॉर्ड ऑफिसात, उद्यान खात्याच्या टेबलावर ठरतात. तिथे तरुण क्वचित जातात, हा त्यांचा खरा दोष. समाजमाध्यमावर लाखोंचे लक्ष वेधणारी मोहीम वॉर्डाच्या अंदाजपत्रकात एका ओळीचीही होत नाही. ‘पुकार’ संस्थेने २००५ पासून मुंबईतल्या वस्त्यांमधल्या तरुणांनाच आपापल्या भागाचे संशोधन करायला शिकवले. आपल्या गल्लीतल्या नळांची, शौचालयांची, दिव्यांची मोजदाद स्वतः करायची, ही त्यातली सवय आज पुन्हा उपयोगी पडेल.

मोजायला नव्या जागाही येत आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेकडे आले आहेत. सागरी किनारा मार्गालगत सुमारे ७० हेक्टर मोकळी जागा देण्याचे आश्वासन आहे, आणि समुद्राकडेचा फिरण्याचा पट्टा ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. रस्त्याच्या पलीकडे समुद्र आणि अलीकडे शहर, मध्ये वेगाने धावणाऱ्या गाड्या. तिथे पोचायचे ते पादचारी भुयारांतून. ती भुयारे रात्रीही उघडी असतात का, त्यांत दिवे किती आहेत, पलीकडे गेल्यावर मुलीसाठी स्वच्छतागृह किती पावलांवर आहे आणि भाजलेले कणीस विकणाऱ्याला तिथे उभे राहू देतात का, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारायचे प्रश्न आहेत, आणि नवे नगरसेवक आता तिथे भेटतात.