बॅकअपचा सर्व्हर घेताय? आधी हे बघा

हैदराबाद : ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत मुसी नदीला पूर आला आणि अंबरपेठला मुसारामबागशी जोडणाऱ्या पुलावरून पाणी गेले. अशा नदीकाठच्या भागात ज्यांचे हिशेब, बिले, नोंदी सर्व्हरवर आहेत, त्यांनी बॅकअपचे यंत्र कसे निवडावे?

पहिली गोष्ट, ‘रेड’ म्हणजे बॅकअप नव्हे. ‘रेड-६’मध्ये दोन डिस्क गेल्या तरी काम चालते, पण चुकून पुसलेली फाईल, रॅन्समवेअर किंवा पुराचे पाणी, यापुढे त्याचे काही चालत नाही.

बॅकअपला महागडा प्रोसेसर लागत नाही. पैसा ईसीसी रॅम, मोठ्या हार्ड डिस्क आणि नेटवर्कवर घालावा. एक गिगाबिटच्या लाईनवर १० टीबी डेटा परत आणायला पूर्ण वेग मिळाला तरी साधारण २२ तास जातात. तेवढा वेळ धंदा बंद ठेवणे परवडेल का, हा हिशेब आधी मांडावा.

ऑपरेटिंग सिस्टिम घेताना अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते बघावे. विंडोज सर्व्हर २०१२चा नियमित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ला, तर सेंटओएस ७चा ३० जून २०२४ला संपला. सेंटओएसवाल्यांना अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स हे मोफत पर्याय आहेत.

शेवटी जागा. डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. १० मार्च २०२१ला फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा बॅकअपही तिथेच असलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

आणि हो, महिन्यातून एकदा बॅकअपमधून फाईल परत आणून बघा. परत येत नसेल, तर तो बॅकअप नाहीच.